नेसरीची गोष्ट लिहिणारे हात

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना वाटेत नेसरी लागते. या गावाजवळच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, सरनोबत प्रतापराव गुजर विजापूरच्या बहलोलखानाशी लढताना पडले. पुढे साडेतीन महिन्यांच्या आत रायगडावर राज्याभिषेक झाला. तो सोहळा पाहायला प्रतापराव नव्हते. बहुतेक मराठी घरांत ही लढाई पोहोचली ती कुसुमाग्रजांच्या कवितेतून. राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या साली, १९७४ मध्ये, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आणि लता मंगेशकरांच्या आवाजात ती 'शिवकल्याण राजा' या ध्वनिमुद्रिकेत आली आणि मग शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून गणेशोत्सवाच्या मांडवांपर्यंत सगळीकडे गेली.

त्या कवितेचा कर्ता कोण, यावर कोणी वाद घालत नाही. पण तिच्यातले सात स्वार, म्हणजे प्रतापराव आणि त्यांचे सहा साथीदार, कवीच्या आधी कोणी कागदावर आणले? नेसरीबद्दल आज आपण जे सांगतो, त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या जुन्या कागदावर उभे आहे, आणि त्या कागदांचे लिहिणारे वेगवेगळे आहेत. कोणी आपले नाव सांगितले, कोणी सांगितले नाही, एका ठिकाणी तर दुसऱ्याचेच नाव लावले गेले. अमुक ग्रंथ खरोखर कोणाचा, हा प्रश्न निघाला की लोकांना शेक्सपिअर आठवतो. मला हा प्रश्न समजून घ्यायला नेसरी अधिक जवळची वाटते, कारण इथे लिहिणारा कोण हे ठरल्याशिवाय खिंडीत काय घडले हेच ठरत नाही.

सात हा आकडा ज्या सर्वांत जुन्या कागदातून येतो, तो मराठी नाही. मुंबईच्या इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी त्या दिवसांत बोलणी करायला रायगडावर गेला होता. तिथून ४ एप्रिल १६७४ रोजी, लढाईला दीड महिनाही उलटला नव्हता तेव्हा, त्याने मुंबईला कळवले की दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले आणि उरलेल्या फौजेची मदत त्यांना मिळाली नाही. सहा आणि एक सात. शेणवी खिंडीत नव्हता. रायगडावर कानावर आले ते त्याने लिहिले. पण त्याला प्रतापरावांचा पोवाडा रचायचा नव्हता आणि त्यांना कमी लेखायचेही नव्हते. आपल्या मालकांना व्यवहारासाठी उपयोगी पडेल अशी खबर द्यायची, एवढेच त्याचे काम होते. म्हणून त्याच्या दोन कोरड्या ओळींना मी फार वजन देतो.

त्या सहांची नावे मात्र तो सांगत नाही. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे ही नावे आज सर्वत्र घेतली जातात. त्यांतली काही शिवकालीन लिखाणात सरदार म्हणून भेटतातही. पण खिंडीत प्रतापरावांबरोबर पडलेले ते हेच सहा, अशी यादी ना शेणव्याच्या पत्रात आहे, ना सभासदाच्या बखरीत. ही नावे आदराने घेणाऱ्याला कोणी अडवू नये. मात्र शाळेतल्या मुलांना ती सांगताना 'परंपरेने सांगितलेली' एवढे दोन शब्द जोडले तर मुलांचे काही नुकसान होणार नाही, आणि जुना कागद कसा वाचावा याचा पहिला धडाही त्यांना मिळेल.

आता सभासद. कृष्णाजी अनंत सभासद हा बखरकारांतला फार प्रामाणिक माणूस. त्याने आपले नाव सांगितले, आपण कोणाच्या आज्ञेवरून लिहितो ते सांगितले आणि कुठे बसून लिहितो तेही सांगितले. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीला, १६९७ साली त्याने शिवछत्रपतींचे चरित्र पुरे केले. पुढे काशिनाथ नारायण साने यांनी ते संपादित करून छापले. उंबराणीला बहलोलखान कोंडीत सापडला असताना प्रतापरावांनी त्याला सोडून दिले, महाराज रागावले, खानाचा निकाल लावल्याशिवाय समोर येऊ नये अशा आशयाचा निरोप गेला, आणि पुढे प्रतापराव पडल्यावर महाराजांना फार दुःख झाले, ही आपल्या ओळखीची सगळी साखळी सभासदाकडून आली आहे. त्याच्या छापील बखरीत लढाईचे ठिकाण 'जेसरी' असे येते. नकला करणाऱ्या हातांनी एका अक्षराचे काय होते ते यावरून दिसते.

सभासदाने हे लिहिले तेव्हा लढाईला तेवीस वर्षे झाली होती. जिंजीला मोगलांचा वेढा होता, रायगडचे दफ्तर हाताशी नव्हते, त्याची भिस्त आठवणीवर होती. त्याच्या बखरीत तारखा इतक्या कमी का आहेत, याचे कारण मला यात दिसते. आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजाराम महाराजांना दिली होती. म्हणजे सभासद ज्यांच्यासाठी लिहीत होता, ते प्रतापरावांचे जावई. नेसरीच्या प्रसंगात प्रतापरावांचा दोष आणि त्यांचे शौर्य, महाराजांचा राग आणि महाराजांचे दुःख, अशी दोन्ही पारडी सभासद ज्या काळजीने सांभाळतो, ते वाचताना हे नाते मनात असू द्यावे. यावरून सभासद खोटे लिहितो असा अर्थ काढायचे कारण नाही. पण लेखक कोण, इतकाच महत्त्वाचा प्रश्न वाचणारा कोण होता हा असतो.

लढाईची तारीख आपल्याला मिळते ती जेधे शकावलीतून. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात ही शकावली होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे पुढे आणली. १६१८ ते १६९७ या काळातल्या घटनांच्या त्या लहान लहान नोंदी आहेत. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिथी हिच्यातूनच पुढे आली, आणि कवींद्र परमानंदाच्या संस्कृत 'शिवभारता'ने तिला स्वतंत्रपणे दुजोरा दिला. या शकावलीचा लेखक कोण? कोणालाच सांगता येत नाही. तिच्यावर नाव नाही. तरी तिच्यातल्या तिथी, वार आणि घटना इतर कागदांशी ताडून पाहिल्या की पुन्हा पुन्हा जुळतात, म्हणून इतिहासकार तिच्यावर भरवसा ठेवतात.

याच्या अगदी उलट गोष्ट 'शिवदिग्विजय' बखरीची. ही बखर १८९५ साली बडोद्यात नंदुरबारकर आणि दांडेकर यांनी छापली. ती खंडो बल्लाळ चिटणीस यांनी १७१८ साली लिहिली, असे तिच्याबद्दल सांगितले गेले. खंडो बल्लाळ म्हणजे महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे चिरंजीव. यापेक्षा मोठे नाव कुठले शोधायचे? सगळी पत्रे ज्या घरातून लिहिली गेली त्या घराचा वारस! पण जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकाराने तिची भाषा आणि मांडणी पाहून हे कर्तृत्व साफ नाकारले आणि ती बरीच नंतरची, बडोद्याकडे रचलेली बनावट बखर ठरवली. ९१ कलमी बखरीचेही असेच त्रांगडे आहे. परंपरा ती दत्ताजी त्रिमल वाकनीस यांच्या नावावर टाकते, वि. स. वाकसकरांनी तिच्या प्रती एकत्र करून छापल्या, तेव्हा प्रतीप्रतींत किती फरक आहे ते उघड झाले आणि मूळ हात कोणाचा हा वाद आजही मिटलेला नाही. मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्यात लिहिलेल्या चरित्राचा लेखक पक्का आहे, पण त्याच्या आणि नेसरीच्या मध्ये सव्वाशेपेक्षा जास्त वर्षे आहेत.

म्हणजे मोठे नाव असलेली बखर संशयात आणि निनावी शकावली विश्वासात. हे कळल्यापासून कोणत्याही जुन्या पोथीवरचे कर्त्याचे नाव मी आधी दावा म्हणून वाचतो आणि पुराव्याकडे मग वळतो.

पुरावा म्हणजे काय काय? कागद आणि शाई, अक्षराचे वळण, मोडीची लपेट, शिक्का, ही झाली वस्तूची साक्ष. दुसरी साक्ष काळाची. आपल्या जुन्या ग्रंथांच्या शेवटी शकाचा आकडा असतो आणि बरोबर संवत्सराचे नाव असते. संवत्सरे साठ, आणि ती ठराविक क्रमाने फिरतात. नक्कल करणाऱ्याने आकडा चुकवला तरी संवत्सराचे नाव त्याची चूक पकडून देते. एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली त्याची नोंद शके १५०६, तारण संवत्सर, अशी आहे. म्हणजे सन १५८४. त्यात साठाची सात आवर्तने मिळवा, २००४ येते. त्या वर्षीचे पंचांग कोणाकडे असेल तर उघडून पाहावे, गुढीपाडव्याला तारण संवत्सर लागले होते. इतक्या साध्या हिशेबाने चारशे वर्षांपूर्वीची नोंद घरबसल्या तपासता येते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तिसरी साक्ष भाषेची. ती सर्वांत मोहक आणि सर्वांत फसवी.

मराठीतला कर्तृत्वाचा सर्वांत मोठा वाद भाषेवरूनच पेटला. १८९८-९९ मध्ये 'सुधारक' पत्रात शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने लेखमाला लिहिली आणि ज्ञानेश्वर दोन होते असे मांडले. एक ज्ञानेश्वर ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव लिहिणारा, नाथपंथी, शिवाकडे कल असलेला, तत्त्वज्ञ. दुसरा आळंदीचा ज्ञानदेव, विठ्ठलाचा भक्त, अभंग रचणारा. भारद्वाजांचे मुद्दे हवेतले नव्हते. ज्ञानेश्वरीची मराठी जुनी, जड, आज कोश घेऊन बसावे अशी. अभंगांची मराठी पुष्कळच सोपी. ज्ञानेश्वरीत पंढरीच्या विठ्ठलाचे नाव घेऊन केलेली भक्ती दिसत नाही. अभंगांत तर नाममुद्राच रखुमादेवीवराची. एकाच माणसाने, तेही एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी समाधी घेणाऱ्याने, इतक्या वेगळ्या दोन भाषा कशा वापरल्या?

महाराष्ट्रात खळबळ उडाली. वारकऱ्यांसाठी हा पांडित्याचा प्रश्न नव्हता. आषाढीला आळंदीहून जी पालखी निघते तीच ज्ञानेश्वरीच्या कर्त्याची, ही त्यांची श्रद्धा. भिंगारकरबुवांसारख्या जाणत्यांनी सविस्तर उत्तरे दिली आणि पुढे अनेक अभ्यासकांनी एकाच ज्ञानेश्वरांची बाजू बळकट केली. आज बहुतेक अभ्यासक एकच ज्ञानेश्वर मानतात. मीही मानतो, आणि श्रद्धा बाजूला ठेवूनही मानता येते असे मला वाटते. त्याचे कारण ग्रंथ कसा टिकतो यात आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती पोथीत राहिली, नकलांमधून पुढे गेली. अभंग मात्र ओठांवर राहिले. टाळ घेऊन गाणारा माणूस न कळलेला शब्द तसाच ठेवत नाही. त्याच्या गावात, त्याच्या पिढीत जो शब्द चालतो तो नकळत घालतो. दोनतीनशे वर्षे गायलेल्या अभंगाची भाषा गाणाऱ्यांच्या भाषेबरोबर सोपी होत जाणारच. तेव्हा दोन भाषा दिसतात म्हणून दोन माणसे मानायची गरज उरत नाही. एकाच माणसाचे शब्द दोन वाटांनी आपल्यापर्यंत आले, एवढ्याने तो फरक समजतो.

विठ्ठलाच्या उल्लेखाचा मुद्दा थोडा अधिक चिवट आहे. पण ज्ञानेश्वरी गीतेवरचे भाष्य आहे, तिथे बोलणारा कृष्ण आणि ऐकणारा अर्जुन. ग्रंथाच्या शेवटी आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी गुरुपरंपरा सांगितली आहे. नाथपंथाची दीक्षा आणि पंढरीची वारी एकाच माणसाच्या आयुष्यात नांदू शकत नाहीत, हे गृहीत धरले तरच भारद्वाजांचे अनुमान टिकते. आणि महाराष्ट्राच्या धर्मजीवनात तसे नांदल्याची उदाहरणे कितीतरी आहेत. तरीही भारद्वाजांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यामुळे ज्ञानदेवांच्या गाथेतले कोणते अभंग खरोखर जुने आणि कोणते मागून आलेले, हे नीट तपासण्याची निकड निर्माण झाली.

ज्ञानेश्वरीची संहिताही सुखरूप आली असे नाही. तीनशे वर्षांत तिच्यात इतके पाठ शिरले की एकनाथांना ती शुद्ध करावी लागली, आणि पुढे कोणी आपली ओवी तिच्यात घालू नये अशी कडक ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेली प्रत छापली आणि ती एकनाथांच्याही आधीची आहे असे सांगितले. त्या प्रतीच्या वयाबद्दलचा त्यांचा दावा पुढच्या सगळ्यांनी मान्य केला नाही, पण एकनाथांच्या पलीकडे जाऊन पाहण्याची वाट त्यांनी दाखवली.

संतवाङ्मयात कर्त्याचे नाव अभंगाच्या शेवटच्या चरणातच असते, त्यामुळे वाद होऊ नये असे वाटते. होते नेमके उलटे. नाममुद्रा कोणालाही वापरता येते. नामदेवांनंतर अडीचशे वर्षांनी, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा नावाचा मोठा कवी झाला. त्याने महाभारताची पर्वे मराठीत आणली. तोही 'नामा'. गाणाऱ्यांनी आणि वह्या लिहिणाऱ्यांनी दोघांचे इतके मिसळून टाकले की महाराष्ट्र शासनाची १९७० ची नामदेव गाथा हाती घेतल्यावरही कुठला अभंग कुठल्या नाम्याचा हे प्रत्येक वेळी छातीठोकपणे सांगता येत नाही. इथे एक साक्षीदार महाराष्ट्राबाहेर उभा आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्या ग्रंथाचे पहिले संकलन १६०४ सालचे आहे. पंजाबात जपले गेलेले ते शब्द नंतरच्या मराठी वह्यांमधल्या भेसळीपासून लांब राहिले.

तुकोबांचेही तसेच. संताजी जगनाडे यांच्या हातच्या वह्या आहेत, शंकर पांडुरंग पंडितांनी मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यात छापलेली १८६९-७३ ची गाथा आहे, तिच्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. त्यांतला प्रत्येक अभंग देहूच्या त्याच माणसाचा असेल असे मानणे अवघड आहे. ज्याला तुकोबांसारखे बोलावेसे वाटले त्याने तुकोबांचे नाव घेऊन रचना केली, यात त्याला चोरी वाटली नसेल. उलट आपले नाव पुसून त्यांचे नाव लावणे हीच त्याची भक्ती. आपल्या आजच्या हक्कांच्या कल्पनांनी त्या माणसाला खोटारडा ठरवणे मला अन्यायाचे वाटते. मात्र संशोधकाने त्याचा अभंग वेगळा काढलाच पाहिजे.

रचणारा आवाज आणि लिहिणारा हात वेगळे असणे आपल्याकडे नवे नाही. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. हात चिरंजीव सोपानदेवांच्या घराचा, आवाज आईचा.

शेक्सपिअरच्या वादाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखे आहे ते त्याच्या उगमाशी. स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे करणाऱ्याच्या मुलाने, विद्यापीठाचे तोंड न पाहता, ही नाटके लिहिली हे काहींना पटेना. १८५७ मध्ये डेलिया बेकनने पुस्तक लिहून त्यांचे श्रेय फ्रान्सिस बेकन आणि इतर दरबारी मंडळींना दिले. १९२० मध्ये जे. थॉमस लूनी याने ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हियर याला पुढे केले. हा अर्ल १६०४ मध्येच वारला, आणि 'द टेम्पेस्ट' या नाटकावर १६०९ साली बर्म्युडाजवळ झालेल्या जहाजफुटीच्या वार्तांची छाप आहे. शेक्सपिअरच्या सोबतच्या नटांनी १६२३ मध्ये त्याची नाटके त्याच्याच नावाने एकत्र छापली, ही साक्ष कोणत्याही तर्कापेक्षा भारी. त्या वादाच्या मुळाशी पुराव्यापेक्षा एका थरातल्या माणसांचा दुसऱ्या थरातल्या माणसावरचा अविश्वास अधिक होता. आपला भारद्वाजांचा वाद निदान पोथी उघडून, शब्दांवर बोट ठेवून झाला, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते.

आता यंत्रे हा प्रश्न सोडवतील का, असे तरुण विचारतात. अमेरिकेत १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने राज्यघटनेच्या बाजूने ८५ लेख आले. त्यांतल्या बारा लेखांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन अशा दोघांचा हक्क सांगितला जाई. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी मोठ्या कल्पना बाजूला ठेवल्या आणि बारीकसारीक शब्द मोजले. 'व्हाइल'च्या जागी 'व्हाइल्स्ट' कोण लिहितो, 'अपॉन' किती वेळा येतो, असे. विचार उचलता येतात, शैलीची नक्कल करता येते, पण असे शब्द लिहिणाऱ्याच्या ध्यानातही नसतात, म्हणून ते त्याला उघडे पाडतात. बाराच्या बारा लेख मॅडिसनकडे झुकले.

ही पद्धत मराठीला लावताना पाय घसरतो तो नेमका इथे: मॅडिसनचे लेख त्याच्या हयातीत छापले गेले होते. ज्ञानेश्वरीतले 'तरी', 'परी', 'कां' मोजायला घेतले तर आपण ज्ञानेश्वरांना मोजतो, सच्चिदानंदबाबांना मोजतो, एकनाथांना मोजतो की एखाद्या नकलनविसाला? आधी प्रतींची तुलना करून संहिता शुद्ध हवी. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. १९१९ ला हाती घेतलेले काम १९६६ ला पुरे झाले. मराठी संतांच्या वाट्याला एवढे कष्ट अजून आलेले नाहीत. ते यावेत असे मला तळमळीने वाटते, आणि बखरींच्या वाट्यालाही.

कोल्हापूरकरांना हा विषय घरचा आहे तो 'आज्ञापत्रा'मुळेही. शिवकालीन राजनीतीचा हा श्रेष्ठ मराठी ग्रंथ १७१५ च्या सुमारास करवीरच्या संभाजी महाराजांच्या नावाने निघाला. तो बोलतो राजाच्या मुखाने, राजाच्या अधिकाराने. पण किल्ले, आरमार, सावकार, रयतेची झाडे यांविषयीची त्यातली समज शिवछत्रपतींपासून राज्यकारभार पाहिलेल्या वृद्ध माणसाची आहे, आणि ती बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांची मानली जाते. लेखणी अमात्यांची, आवाज छत्रपतींचा. अशा ग्रंथाचा लेखक एक म्हणायचा की दोन, याचे उत्तर राजदरबारात लिहिले कसे जाई हे समजल्याशिवाय देता येत नाही.

नेसरीच्या गोष्टीतले सर्वांत धारदार वाक्य, महाराजांनी प्रतापरावांना धाडलेला तो निरोप, याच जातीचे आहे. ते मूळ पत्र आज उपलब्ध नाही. आपल्याकडे आहे तो सभासदाने जिंजीत बसून सांगितलेला आशय, आणि पुढे कादंबऱ्यांनी, नाटकांनी, व्याख्यात्यांनी त्याला दिलेली वाढती धार. पत्र गेलेच असेल तर अक्षर चिटणिसाचे असणार, शब्द कदाचित महाराजांचे.

असा कागद उद्या एखाद्या देशमुखाच्या किंवा देसायाच्या दफ्तरात निघाला, तर वर्तमानपत्रे त्याला लगेच डोक्यावर घेतील. त्याआधी काही गोष्टी पाहाव्या लागतील. तो राज्याभिषेकापूर्वीचा, म्हणून त्यावर राज्याभिषेक शक असता कामा नये आणि महाराजांना 'क्षत्रियकुलावतंस' किंवा 'छत्रपती' म्हटलेले असता कामा नये. कालगणना त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे सुहूर सनाची हवी, आणि १६७४ च्या फेब्रुवारीला ते वर्ष 'अर्बा सबैन व अलफ', म्हणजे १०७४, असायला हवे. प्रतापरावांचा उल्लेख सरनोबत म्हणून हवा. 'सेनापती' असेल तर शंका घ्यावी. भाषेत फारसी शब्द भरपूर हवेत. आजच्या व्याख्यानात शोभेल असे वाक्य त्यात सापडले, तर तेवढ्यानेच तो कागद पुन्हा एकदा उजेडाकडे धरून पाहावा.